टोनी आयोमीची गिटार: पांढरी तीन ते काळी एक

ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडची गाणी गिटारवर वाजवायला घेतली की पहिल्यांदा तारा उतरवल्या जातात आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटवणारा परिणाम) पूर्ण चढवलं जातं. तरी हवं ते वजन येत नाही. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या हाताला काय झालं होतं हे माहीत असलं, की कारण लगेच सापडतं.

जन्म 1948चा, बर्मिंगहॅमचा. डावखुरा, म्हणजे तारा दाबायच्या त्या उजव्या हाताने. 17व्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, याच हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं यंत्रात तुटली. खचलेल्या पोराला कारखान्यातल्या वरिष्ठाने जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजून दोन बोटं निकामी झाल्यावरही राइनहार्ट असा वाजवत होता!

मग आयोमीने बोटांसाठी टोपणं केली. भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने बोट जाईल एवढं भोक पाडलं आणि पॉलिश पेपरने घासून आकार दिला. प्लास्टिक तारेवरून घसरायचं, म्हणून वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. टोपणातून तार जाणवत नाही. किती दाबलं हे कानानेच ठरवायचं. जाड तारा सोसत नव्हत्या आणि पातळ तारांचे संच तेव्हा बाजारात नव्हते, म्हणून त्याने बँजोच्या तारा लावल्या. पुढे त्याची पहिली तार 0.008 इंचाचीच राहिली.

1971च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बममधल्या काही गाण्यांत त्याने सगळ्या तारा तीन अर्धस्वर खाली आणल्या. खालची तार ईवरून सी शार्पवर, पेटीच्या भाषेत पांढरी तीनवरून काळी एकवर. कंपनं सेकंदाला 82.4वरून 69.3वर येतात आणि ताण जवळजवळ 30 टक्क्यांनी घटतो. बोटांना हा केवढा आराम!

धडधाकट बोटांच्या वादकाला मात्र हाच आराम नडतो. नेहमीचा 10–46चा संच (सर्वांत पातळ तार 0.010 इंच, सर्वांत जाड 0.046) तेवढाच उतरवला तर नेक, म्हणजे गिटारची दांडी, मागे जाते, पहिल्या फ्रेट्सवर (दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांवर) तारा झणझणतात आणि जोरात दाबलं की सूर चढतो. 12–54चा संच लावला तर ताण जवळपास पूर्ववत होतो. जाड तार नटच्या (दांडीच्या टोकाच्या, तारा टेकणाऱ्या पट्टीच्या) खाचेत अडकत असेल तर खाच रुंद करून घ्यावी, नाहीतर ट्यूनिंग टिकत नाही. शेवटी 12व्या फ्रेटवरचा सूर तपासायचा. चढा असेल तर सॅडल (तार टेकते तो ब्रिजवरचा तुकडा) मागे, उतरलेला असेल तर पुढे.

पण त्याच्या सगळ्यात भारदस्त रिफला (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीला) यातलं काहीच लागत नाही. फेब्रुवारी 1970मध्ये आलेल्या पहिल्या अल्बमचं शीर्षकगीत साध्या ट्यूनिंगमध्ये आहे. जी (G) या सुराला षड्ज धरा: सा, तार सा, मग तीव्र मध्यम. बस्स, तीन स्वर. तीव्र मध्यमावर तो थांबतो, कंप देतो, आणि पंचमाची वाट बघणारा कान अधांतरी राहतो. हेवी मेटल कुठे सुरू झालं असं कुणी विचारलं तर मी याच जागेवर बोट ठेवेन. घाईत वाजवलं की ती जागा मरते.

त्याच्या रिफ्समध्ये बहुतेक ठिकाणी षड्ज-पंचमाची जोडी असते, गंधार नसतो. दुखऱ्या बोटांना ते सोपं, आणि डिस्टॉर्शनमध्ये गंधार मिसळला की चिखल होतो. म्हणून गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) वाटतो त्याहून बराच कमी ठेवा. आयोमी लेनी कंपनीच्या अॅम्पच्या आधी ट्रेबल बूस्टर (वरचे सूर वाढवणारं उपकरण) लावायचा, त्यामुळे अॅम्प तापायचा तो वरच्या पट्टीत, खालचे सूर मोकळे राहायचे. बूस्टर नसेल तर बास उतरवून मिड वाढवा. खालचं वजन बास गिटार सांभाळते.