मोटार मोबाईलवर, पाणी अंदाजावर

पावसाळ्यात आमच्या भागातील माणूस सकाळी आधी जायकवाडीची टक्केवारी पाहतो. नाथसागराच्या २१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्यापैकी आज किती भरला, नाशिककडून आवक किती, हे फोनवर दशांशापर्यंत कळते. मात्र ज्या गावांना कालवा नाही, त्यांची सारी भिस्त असलेल्या विहिरींत आणि बोअरमध्ये किती पाणी उरले आहे, याची नोंद सहसा कोणाकडेच नसते.

शिवारात डिजिटल म्हणावी अशी एक वस्तू मात्र केव्हाच पोहोचली आहे, ती म्हणजे मोबाईल स्टार्टर. घरून फोन लावला की मोटार चालू होते. ‘ऑटो’वर ठेवली तर लाईट येताच आपोआप चालू होते. रात्रीच्या लाईटसाठी अंधारात विंचूकाट्याची पर्वा न करता शेतात जावे लागणाऱ्यांना याचे मोल विचारावे. परंतु हे यंत्र विजेचा दाब आणि मोटारीवरील भार पाहते. पाणी संपून मोटार कोरडी चालू लागली की ती बंद करते, म्हणजे विहिरीची खबर त्याला लागते ती तळ गाठल्यावरच. उपशाची सोय आधी आली आणि मोजणी मागे राहिली, हीच माझी तक्रार आहे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजत आली आहे. आता स्वयंचलित नोंदकही बसू लागले आहेत. बाहेरून दिसते ती फक्त झाकण लावलेली लोखंडी नळी. आत तारेला टांगलेला सेन्सर पाण्याच्या दाबावरून पातळी ओळखतो आणि ठरावीक वेळाने ती पाठवतो. तथापि आपल्या काळ्या पाषाणात पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठत असल्याने बांधाच्या अलीकडची विहीर कोरडी आणि पलीकडची भरलेली, असे सर्रास घडते. म्हणून गावाला एक नळी पुरत नाही. तिच्या जोडीला शिवारातील निवडक विहिरी टेप सोडून नियमित मोजाव्याच लागतील, आणि हे काम गावातील मुलेही करू शकतात.

पावसाचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. त्यातून वाहून गेलेले आणि बाष्पीभवनाने उडालेले वजा केले की ताळेबंद मांडता येतो. अवघड आहे ते त्यावरून पीक ठरवणे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा मांजरा धरणाचा आकडा काही गुप्त नव्हता. त्यामुळे नुसते ॲप काढून भागणार नाही. ऑक्टोबरची पातळी रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत वाचली जावी, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिली जावी आणि हरभरा, ज्वारी की ऊस, याची चर्चा त्या आकड्यासमोर व्हावी. ऊसवाल्यांशी वाद होणारच; तो मे महिन्यात टँकरपाशी होण्याऐवजी तेव्हाच झालेला बरा.