जुन्या ईव्हीएमची पाठवणी

मतदानाच्या दिवशी मशीन बंद पडलं तर राखीव मशीन बघता बघता केंद्रावर पोचतं. तीच मशीनं कायमची घालवायची म्हटल्यावर आमचे अकरा दिवस गेले.

मी तेव्हा निवडणूक शाखेत महसूल सहायक, खान्देशातल्या एका जिल्ह्याला. मे महिना. आदेश असा की २००६ ते २०१० मधली एम-२ मशीनं यादीशी जुळवून उत्पादकाकडे परत पाठवा. त्यांना चारच बॅलेट युनिटं, म्हणजे मतदार बटण दाबतो ते डबे, जोडता येतात, म्हणजे ६४ नावं. नव्या एम-३ ला २४ युनिटं, ३८४ नावं. शिवाय मशीनचं आयुष्य धरतात १५ वर्षं. भंगारवाल्याला किलोवर देणं जमत नाही. ज्यांनी बनवली त्या बंगळुरूच्या बीईएलनं नाहीतर हैदराबादच्या ईसीआयएलनंच ती नष्ट करायची.

गोदाम उघडायचं म्हणजे आधी पक्षांना लेखी पत्रं. मग दोन कुलपं, दोन अधिकाऱ्यांकडच्या दोन किल्ल्या, व्हिडिओग्राफर, पोलीस गार्ड, लॉगबुकात सह्या. पत्रं सगळ्यांना गेली, आला एकच कार्यकर्ता. तोही तासाभरानं "ऊन भलतं शे भो" म्हणत सही करून सटकला. त्याचं काही चुकलं नाही. वर पत्र्याचं छप्पर, आणि कागद उडतात म्हणून पंखा बंद.

हमाल पेटी उघडायचे, मी खालच्या पट्टीवरचा नंबर वाचायचो, दुसरा यादीवर टिक करायचा. आत डांबराच्या गोळ्यांचा वास, जुन्या अॅड्रेस टॅगचे तुकडे, लाखेचा चुरा. तिसऱ्या दिवशी माझी बोटं काळी पडली ती आठवडाभर निघाली नाहीत.

आकडा जुळला. नंबर जुळले नाहीत. यादीतलं एक बॅलेट युनिट सापडेना आणि यादीत नसलेलं कुठलं जास्त आहे तेही कळेना. एका युनिटासाठी सगळी गाडी अडली. साहेब माझ्याशी बोलेनासे झाले. त्यांना वरून दिवसाला तीन फोन.

चूक माझीच निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर उन्हाचा कंटाळा करून मी एक थप्पी पेटीवरच्या चिठ्ठीवरून वाचली होती, पेटी न उघडता. ती सगळी थप्पी पुन्हा उतरवली. एका पेटीत चिठ्ठीवर एक नंबर, युनिटावर दुसरा. हवा होता तोच! चिठ्ठीवरचं युनिट आधीच्या एका निवडणुकीत एम-२ वापरणाऱ्याच दुसऱ्या जिल्ह्यात रवाना झालेलं, आमच्या यादीतून कमी केलेलं. ते यादीत आहे का हे न बघताच मी मोजणीत धरलं होतं.

सापडलेल्या युनिटात प्रशिक्षणाची मतपत्रिका तशीच राहिलेली. कुणा मास्टर ट्रेनरनं हातानं लिहिलेली: १ केळी, २ कापूस, ३ वांगं. वांग्यासमोरचं निळं बटण दाबून दाबून गुळगुळीत झालेलं. हमालानं डोकावून विचारलं, "मंग कोन निवडी उना, भाऊ?"

पुढचं भराभर झालं. बंद कंटेनर, जीपीएस, सोबत पोलीस. रात्री दोनला गाडी निघाली.

त्या मतपत्रिकेचं काय करायचं, हे मात्र कुठल्याच आदेशात नव्हतं. साहेबांनी पंचनाम्यात ओळ घालायला लावली: 'युनिटमध्ये केळी, कापूस व वांगे अशा नावांची एक मतपत्रिका आढळून आली.' खाली चौघांच्या सह्या.