मुंबई-नागपूर विमान दीड तासाचं, आम्हाला घर ते घर सव्वासात तास लागले

मुंबई ते नागपूर सरळ अंतर साधारण 685 किलोमीटर आणि तिकिटावर वेळ दीड तास. तेवढ्यावर मी दादाला सांगून टाकलं की बाराच्या सुमारास येतोच. डोंबिवलीहून 6.15 ला निघालो, नागपुरात मानेवाड्याला त्याच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा दीड वाजला होता.

आईचे दोन्ही गुडघे गेलेत, म्हणून तिकीट काढतानाच व्हीलचेअर टाकली होती. एअरपोर्टला आठला पोचलो, विमान 10.45 चं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, सिस्टीममध्ये रिक्वेस्टच दिसत नाहीये." मी ज्या साइटवरून तिकीट काढलं त्यांनी ती एअरलाइनला पाठवलीच नव्हती. बाजूला थांबा म्हणाले. आई तिथल्या लोखंडी खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली, दर पाच मिनिटांनी विचारायची, "अगं, विमान जाईल ना?" मी तीनदा विचारून आले, तीनदा "दहा मिनिटं". 9.20 ला खुर्ची आली, ती ढकलणारा मुलगा मात्र खूप चांगला होता, सिक्युरिटी त्याने पटकन करून दिली.

गेटवर दुसरं लफडं. विमान बसने गाठायचं होतं, म्हणजे शिडी चढायची. एअरलाइनवाल्यांनी आईच्या नावापुढे डब्ल्यूसीएचआर हा व्हीलचेअरचा कोड टाकलेला, म्हणजे लांब चालता येत नाही पण पायऱ्या चढता येतात. आईला एक पायरीसुद्धा जड जाते! तिला डब्ल्यूसीएचएस हवं होतं, मग अँब्युलिफ्ट मिळते, म्हणजे खुर्चीसकट विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी. हा फरक मला कोणीच सांगितला नव्हता. बाकीचे सगळे चढले, आम्ही बसच्या बाजूला उन्हात, आणि लिफ्टची गाडी आली तेव्हा निघायला आठ मिनिटं उरली होती. माझे हात थरथरत होते खरंच.

तर तिकीट काढल्यावर एअरलाइनलाच फोन करा, निदान 48 तास आधी, आणि पायऱ्या चढता येत नाहीत हे स्पष्ट सांगून बुकिंगवर कोड काय पडलाय ते वाचून दाखवायला लावा. उतरताना व्हीलचेअरवाल्यांना शेवटी काढतात, त्यामुळे घ्यायला येणाऱ्याला अर्धा तास उशिराचीच वेळ द्या.

हवेत आम्ही जेमतेम सव्वा तास होतो. तिकिटावरचा दीड तास गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो, रनवेसाठी थांबणं त्यातच आलं. थंडीत वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून जाताना जरा लवकर आणि येताना थोडं उशिरा.

हो, सुकं खोबरं नेऊ नका. आईने वहिनीसाठी वाट्या घेतल्या होत्या, त्या काढून ठेवाव्या लागल्या. पॉवर बँक चेक-इन बॅगेत नको, हातातच. आणि तिकिटावर टर्मिनल 1 आहे की 2 ते आदल्या दिवशीच बघा, दोन्हींमध्ये रस्त्याने चांगलं अंतर आहे.

दादा म्हणतो पुढच्या वेळी गाडीने समृद्धी महामार्गावरून या, 701 किलोमीटर, तो सुरू होतो ते आमणे तुमच्या जवळच. वेळ जवळपास तेवढाच लागेल, पण आईला आठ तास गाडीत पाय दुमडून बसवत नाही. आम्ही विमानानेच जाणार. परतीच्या तिकिटाचा फोन मी कालच केला, कोड बदलून घेतला आणि फोनवरच्या बाईकडून दोनदा वाचून घेतला.