गुड फ्रायडेचा पहिला घाणा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या लहान गावात गुड फ्रायडेच्या संध्याकाळी बारचं स्वयंपाकघर म्हणजे लग्नघरच. मिलवॉकीच्या उत्तरेला तासाभरावरच्या अशाच एका बारमध्ये मी तळणावर असतो. एरवीच्या शुक्रवारी शंभर-सव्वाशे ताटं जातात, त्या दिवशी दोनशे धरली होती. ताटाला कॉड या पांढऱ्या समुद्री माशाचे तीन तुकडे, तुकडा साधारण 70 ग्रॅमचा, म्हणजे 42 किलो मासा. चार वाजता चाचणीचा पहिला घाणा काढला. झाऱ्यावर आवरण एकीकडे आणि मासा दुसरीकडे. एक तुकडा मोडून पाहिला. बाहेरून सोनेरी, पण आवरणाच्या आतल्या अंगाला चिकट, ओल्या कणकेसारखा थर. माशाखाली बशीत पाण्याचं थारोळं साचलं होतं.

दार उघडायला अर्धा तास होता. सगळ्यांना आधी तेलाचाच संशय येतो. पण काटा 365 फॅरनहाइटवर, म्हणजे 185 सेल्सिअसवर स्थिर होता आणि तेल आदल्या रात्रीच गाळलेलं होतं. मग बॅटर. आमचं प्रमाण ठरलेलं आहे: 1 किलो मैदा, 250 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, 40 ग्रॅम बेकिंग पावडर, 25 ग्रॅम मीठ, थोडी पाप्रिका आणि दीड लिटरच्या आसपास हलकी लागर बिअर. बिअर फ्रिजमधून काढून त्याच क्षणी ओतायची आणि गुठळ्या थोड्या राहिल्या तरी फेटत बसायचं नाही. फेटलं की मैद्याला चिकटपणा येतो आणि बिअरमधला वायू उडतो. कवच मग कुरकुरीत होण्याऐवजी चिवट होतं. दुपारी दोनला भिजवून ठेवलेलं बॅटर पाचपर्यंत मेलेलं असतं, म्हणून आम्ही दर अर्ध्या तासाला थोडं थोडं भिजवतो. त्या दिवशीचंही ताजंच होतं.

उरला मासा. पुरवठादाराने त्या आठवड्यात दुसराच माल पाठवला होता. खोक्यावरच्या बारीक अक्षरांत घटक दोन होते: कॉड आणि सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट. या क्षारात बुडवलेला मासा पाणी धरून ठेवतो आणि वजनाला भरतो. तो गरम तेलात पडला की ते पाणी सुटतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ बॅटरला आतून ढकलते. आवरण सुटतं ते असं. त्यात मासा वितळवताना बंद ट्रेमध्ये ठेवला होता. म्हणजे रात्रभर तो स्वतःच्याच पाण्यात पडून होता.

बोंबील तळणाऱ्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वजनाखाली दाबून पाणी काढल्याशिवाय बोंबील तव्यावर जात नाही. कॉड मात्र दाबता येत नाही, त्याच्या पाकळ्या सुटतात. मग दहा किलो मासा भोकांच्या ट्रेवर पसरला, किलोला 10 ग्रॅम मीठ भुरभुरलं आणि पंधरा मिनिटांनी कागदी टॉवेलने टिपला. टॉवेल भिजले की बदलून पुन्हा टिपला. मासा हाताला ओला न लागता नुसता गार लागला पाहिजे. मग मैदा आणि कॉर्नफ्लोअर निम्मेनिम्मे घेऊन त्यात घोळवून झटकला. हा कोरडा थर उरलेली ओल पितो आणि बॅटरला धरायला जागा देतो. माशाला मीठ लागलंच होतं, म्हणून बॅटरमधलं निम्मं केलं.

सोडण्याचीही रीत आहे. बास्केटमध्ये तुकडे रचून बुडवले तर बॅटर जाळीला चिकटतं. बास्केट आधीच तेलात ठेवायची, तुकड्याचं एक टोक धरून तो तीन-चार सेकंद तेलावर ओढायचा आणि मगच सोडायचा. आवरण तेवढ्यात धरतं आणि तुकडा तरंगतो. साडेचार मिनिटांनी, मध्ये एकदा उलटवून, काढला. आत 63 सेल्सिअसच्या वर. दुसरा घाणा अखंड निघाला.

दोनशे माणसं का येतात हेही सांगायला हवं, कारण तळणाची सगळी धांदल त्यातूनच येते. इथे जर्मन आणि पोलिश कॅथलिक घरं पुष्कळ, आणि 1966 पर्यंत त्यांना दर शुक्रवारी मांस वर्ज्य असे; गुड फ्रायडेला अजूनही आहे. 1920 ते 1933 दारूबंदी असताना बारमालकांनी स्वस्त तळलेल्या माशावर गिऱ्हाईक टिकवलं. मिशिगन सरोवरातला पिवळा पर्च तेव्हा मुबलक होता. पुढे तो इतका घटला की 1996 साली विस्कॉन्सिनने सरोवराच्या मुख्य भागात त्याची व्यावसायिक मासेमारी बंद केली. आता बहुतेक ठिकाणी समुद्रावरून गोठून आलेला कॉडच असतो. पर्चची चव ज्यांनी चाखली आहे ते अजूनही चौकशी करतात, आणि ते बरोबरच आहे. पर्चला बॅटर लागतच नाही, नुसता मैदा पुरतो.

टेबल मिळेपर्यंत लोक बारपाशी ब्रँडी ओल्ड फॅशन्ड हे इथलं कॉकटेल घेऊन थांबतात, ऑर्डरही तिथेच देतात. त्यामुळे ऑर्डरच्या चिठ्ठ्या एकेक न येता झुंडीने येतात. सहा वाजता एकदम वीस आल्या आणि मदतनीसाने घाईत एका फ्रायरमध्ये चोवीस तुकडे सोडले. तेल 22 किलो असलं तरी काटा 160 वर उतरला. त्या तापमानाला कवच धरायला उशीर लागतो, मासा तेल पितो आणि रंग फिकट राहतो. तो घाणा टाकून द्यावा लागला. त्यानंतर एका वेळी बाराच तुकडे, आणि काटा पुन्हा 185 ला आल्याशिवाय पुढचे नाहीत. सावकाश तळून ताटं लवकर गेली, कारण परत काही आलं नाही.

तळलेला मासा कागदावर ठेवायचा नाही, खालून घामेजतो. जाळीवर ठेवायचा आणि पाच मिनिटांच्या आत वाढायचा. सोबतीला राय ब्रेड, कोलस्लॉ, टार्टर सॉस, आणि फ्राइज नाहीतर बटाट्याची धिरडी व सफरचंदाचा गर. धिरड्यांचा किसलेला बटाटाही फडक्यात घट्ट पिळायचा. तव्यावरही पाणी तेच करतं.

रात्री साडेनऊला शेवटचं ताट गेलं. तेल काळपट झालं होतं आणि फेस धरत होतं, म्हणून ते पुन्हा न गाळता काढून टाकलं. पुढच्या शुक्रवारसाठी पुरवठादाराला फॉस्फेट नसलेला कॉड लिहून दिला. निर्वात पाकिटं वितळवण्याआधी फोडायची, नाहीतर हवेशिवाय वाढणाऱ्या बोटुलिझम या विषबाधेच्या जंतूंना वाव मिळतो. मासा भोकांच्या ट्रेवर, खाली पाण्याला दुसरा ट्रे, फ्रिजमध्ये चोवीस तास. गुरुवारी दुपारी खालचा ट्रे ओतला तेव्हा त्यात जेमतेम कपभर पाणी होतं.