पहिल्या आठवड्यात उतरतं ते बहुतेक पाणीच

कर्बोदकं बंद करून आठ दिवसांत दोन-तीन किलो उतरले की माणूस हरखून जातो. आनंद जरूर व्हावा, पण त्यातलं बरंचसं पाणी असतं हे आधीच माहीत असलेलं बरं. यकृत आणि स्नायू मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन (कर्बोदकांपासून बनलेला साखरेचा राखीव साठा) साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कर्बोदकं तोडली की हा साठा रिता होतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. चरबीचा हिशेब वेगळा आहे. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7,700 कॅलरी. रोज 500 कॅलरींची तूट ठेवली तर ती जायला पंधरवडा लागतो. पुढे कर्बोदकं पुन्हा सुरू केली की दोन दिवसांत काटा दीड-दोन किलोने वर जातो. तीही चरबी नव्हे, तेच पाणी परतलेलं असतं. नेमकं इथेच अनेकजण ‘सगळं वाया गेलं’ म्हणून डाएट सोडतात. फार वाईट वाटतं, कारण वाया काहीच गेलेलं नसतं.

कुठलं डाएट श्रेष्ठ यावर वाद हिरिरीने चालतात. स्टॅनफर्डच्या ‘डाएटफिट्स’ चाचणीत 609 जणांना वर्षभर कमी चरबी किंवा कमी कर्बोदकं यांपैकी एका आहारावर ठेवलं होतं. 2018 मध्ये निकाल आला: सरासरी घट 5.3 आणि 6 किलो, म्हणजे दखल घ्यावी असा फरक नाही. पण प्रत्येक गटात काहींचं वजन भरपूर उतरलं, तर काहींचं चक्क वाढलं. त्यामुळे माझ्या मते डाएट निवडताना एकच कसोटी लावावी: वर्षभराने मी असंच जेवत असेन का?

कडक डाएट मोडतं तेव्हा दोष मनोनिग्रहाला दिला जातो. तो अन्याय आहे. चरबी घटली की भूक आवरणारं लेप्टिन हे हार्मोन घटतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, आणि नकळत हालचालही मंदावते. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांच्या अतिशय कमी कॅलरींच्या आहारानंतर वर्ष उलटलं तरी भुकेची हार्मोन्स मूळ पातळीवर आली नव्हती. शिवाय प्रथिनं आणि व्यायाम नसेल तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

म्हणून वेग आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढाच ठेवा. 80 किलोच्या माणसाला 400 ते 800 ग्रॅम. प्रथिनं दर किलो वजनामागे 1.2 ते 1.6 ग्रॅम, दिवसभराच्या जेवणांत विभागून (मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवावा). आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा किंवा ताकदीचा व्यायाम. चालणं उत्तमच, पण स्नायू टिकवायला ते एकटं पुरत नाही.

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. रात्री खारट खाल्लं, पाळी जवळ आली किंवा पोट साफ झालं नाही, की एका दिवसाचा आकडा किलोभर सहज हलतो. तीन आठवडे सरासरीच हलली नाही, तर आधी न मोजलेल्या गोष्टी शोधा. बाटलीतून अंदाजाने ओतलेलं तेल हा नेहमीचा संशयित: मोठा चमचाभर, 15 मिली, म्हणजे सुमारे 120 कॅलरी, आणि बाटलीची धार एका चमच्यावर क्वचितच थांबते. मूठभर सुकामेवा, चव घेताना पोटात गेलेले घास, गोड पेयं यांचंही तेच. तिथे काही सापडलं नाही तर 100-150 कॅलरी कमी करा, कारण हलक्या झालेल्या शरीराची गरजही कमी झालेली असते.

कडक आहाराला जागाच नाही असं मात्र नव्हे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत टाइप 2 मधुमेहींना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण 850 कॅलरींवर ठेवलं, तेव्हा वर्षाअखेर जवळपास निम्म्यांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. पण तिथे औषधं बदलणारे डॉक्टर होते आणि नेहमीचं अन्न टप्प्याटप्प्याने परत आणलं होतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना परस्पर जेवण तोडलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. फार झपाट्याने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते. गरोदरपणात, वाढत्या वयातल्या मुलांनी किंवा खाण्यासंबंधीचा मानसिक आजार होऊन गेला असेल तर असे प्रयोग स्वतःहून अजिबात करू नयेत.