सोलापूरचं ऊन आणि ट्रेलरमधला दुसरा एसी

पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर. नुसती गाडी असेल तर चार-साडेचार तासांचा रस्ता, मागे राहायचा-झोपायचा ट्रेलर असला की सहा तास धरायचे आणि घाई करायची नाही. भिगवणनंतर उजनीचं पाणी मागे पडतं, टेंभुर्णीला चहा होतो आणि तिथून पुढे खिडकीबाहेर हात काढला की हवा तोंडावर यायच्या ऐवजी अंगावर येते. लांबोटीला सीनेच्या पुलाजवळ मक्याचा चिवडा घेतला. तो न घेता सोलापुरात शिरणं आमच्या घरात मान्य नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ट्रेलर ओढत सोलापूरला जाणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. माझं तिथे काम होतं. ट्रेलरमध्ये दुसरा एसी बसवायचा होता, तो बसवणारा मिस्त्री अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ होता आणि बसवलेला एसी चालतो की नाही हे त्याच शहरात, त्याच महिन्यात बघून घ्यायचं होतं. महाबळेश्वरला सगळेच एसी उत्तम चालतात.

आमचा ट्रेलर सोळा फुटी. पुढे समोरासमोर दोन बाक, रात्री त्यांचाच मुलांसाठी बिछाना होतो. मध्ये ओटा आणि त्याच्यासमोर बाथरूम व कपाट, म्हणजे ट्रेलरच्या पोटात जवळपास भिंतच. तिच्या मागे आडवा पलंग, तिथे आई-बाबा. पहिला एसी एक टनाचा, पुढच्या भिंतीवर, बाहेरचं युनिट ओढायच्या दांड्यावर. त्यामुळे रात्री मुलं सोलापुरी चादर ओढून झोपायची आणि सात-आठ फुटांवर आई पदराने वारा घेत बसायची. मी दोन्हीकडे थर्मामीटर ठेवून पाहिलं होतं: पुढे २४, मागे ३१.

यावर ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, "काढ तो, दीड टनाचा लाव." हे मला कधीच पटलं नाही. मोठा एसी पुढची जागा आणखी लवकर गार करणार, त्याला वाटणार काम झालं आणि तो मंद होणार. मागे कपाटाआड काय चाललंय ते त्याला कळायचं कारणच नाही. एका मोठ्यापेक्षा दोन लहान बरे, ज्या टोकाला माणूस आहे तेवढंच टोक चालवायचं.

अमेरिकेतले लोक हा खटाटोप बऱ्याच वर्षांपासून करतायत. त्यांच्या ट्रेलरच्या छताला हवेच्या झरोक्यासाठी चौदा इंची चौकोनी भोक आधीच असतं. झरोका काढून तिथे साडेतेरा किंवा पंधरा हजार बीटीयूचा, म्हणजे सव्वा टनाच्या आसपासचा, छतावरचा एसी बसवतात. त्यांची अडचण विजेची. ट्रेलर तीस अँपिअरचा असेल तर १२० व्होल्टला जेमतेम ३,६०० वॉट हाती येतात आणि तेवढ्यात दोन एसी, मायक्रोवेव्ह आणि गीझर मावत नाहीत. मग कुणी पन्नास अँपिअरची जोडणी करून घेतं, कुणी कॉम्प्रेसरला सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे सुरू होतानाचा विजेचा झटका कमी करणारं उपकरण, लावतं. आपल्याकडे २३० व्होल्ट असल्यामुळे सोळा अँपिअरच्या साध्या पॉवर पॉइंटलाही तितकेच वॉट मिळतात. कागदावर मिळतात, असं म्हणू. त्याकडे पुढे येतोच.

मिस्त्री सत्तरीचे. घरी तेलुगू, बाहेर मराठी, दोन्हीत सारखाच वेग. एसीचं काम त्यांनी कुठल्या दुकानात नाही, सूतगिरणीत शिकलेलं. सोलापूरची जुनी मिल १८७७ ची, त्यानंतर शहरात एकेक गिरणी उभी राहत गेली, आणि कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून विणाईच्या खात्यात हवा ओली ठेवावीच लागायची. ती ओली हवा खेळवणाऱ्या पंख्यांवर आणि फवाऱ्यांवर यांचं तरुणपण गेलं. गिरण्या बंद पडल्या तसे ते एसीकडे वळले. त्यांच्याशी बोलताना लक्षात येतं, की हा माणूस थंडीचा विचार नंतर करतो, आधी हवा कुठून येते आणि कुठे जाते ते बघतो.

त्यांनी पहिल्यांदा एसीचं खोकं उघडलंच नाही. शिडी लावून छतावर डोकावले आणि मला म्हणाले, "साहेब, हात लावून बघा." मी लावला आणि लगेच काढला. "एसी बसवू ओ, कुठं पळून चाललाय? आधी हे ऊन काढा."

आमचं छत म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा, खाली इंचभर थर्माकोल. दुपारभर तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहतो आणि एसीची निम्मी ताकद तिथेच खर्ची पडते. शिवाय एसीवर लिहिलेलं टनेज बाहेर ३५ अंश धरून मोजलेलं असतं. बाहेर ४३ असले की तेच यंत्र कमी थंडावा देतं आणि वीज जास्त खातं. म्हणजे सोलापुरात नेमकी गरज असते तेव्हा एक टनाचा एसी एक टनाचा राहत नाही. मिस्त्रींनी छतावर दोन इंच उंचीच्या पट्ट्या मारून वर पांढऱ्या रंगाचा दुसरा पत्रा टाकला, पुढून-मागून मोकळा, मधून वारा जाईल असा. पट्ट्या मूळ पत्र्याला जिथे टेकतात तिथे रबर. काम साधं, पण माझ्या मते सगळ्या खर्चात सर्वांत वसूल झालेला पैसा हाच.

मग दुसरा एसी. घेतला ०.८ टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट. आतलं युनिट पलंगाच्या वर, हा निर्णय सोपा. बाहेरच्या युनिटवर मात्र अर्धा दिवस चर्चा. सगळ्यात जवळची जागा ट्रेलरची मागची भिंत, पाइप चार फुटांत संपला असता. पण तिथे पंचवीस-तीस किलो टांगले की पुढच्या दांड्यावरचा भार हलका होतो. हा भार एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के लागतो. तो कमी पडला की वेगात ट्रेलरचं शेपूट हलायला लागतं आणि एकदा हलायला लागलं की ड्रायव्हरच्या हातात फार काही उरत नाही. म्हणून दुसरं युनिटही पुढे दांड्यावरच. दोघांची तोंडं विरुद्ध बाजूंना, नाहीतर एकाची गरम हवा दुसरा ओढत बसतो. स्वयंपाकाचा सिलिंडर तिथून हलवून वेगळ्या हवेशीर पेटीत गेला. तो हलवावाच लागला, कारण एसीत असलेला आर-३२ हा गॅस थोडा का होईना, ज्वलनशील आहे.

तांब्याचा पाइप मग तळाखालून मागेपर्यंत न्यावा लागला. घरातला स्प्लिट भिंतीवर गप्प बसतो, ट्रेलरमधला सोलापूर-बार्शी रस्त्यावर रोज नाचणार. जोड ढिला झाला की गॅस गेला. मिस्त्रींनी दोन्ही टोकांना पाइपाचं एकेक वेटोळं ठेवलं, हादरा त्यात जिरावा म्हणून, आणि दर दीड फुटावर रबर घालून क्लॅम्प मारले. पाइप लांबल्यामुळे गॅस वाढवून भरावा लागला, तो वजनकाट्यावर मोजून. मदतनीस पोरगा क्लॅम्प उलटा धरून बसला होता. खालून आवाज आला, "काय करलालास बे!" हे ऐकलं की सोलापुरात आल्याची खात्री पटते.

मुक्काम जुळे सोलापुरात आत्याकडे. आतोबा सकाळी बाबांना सिद्धेश्वराच्या तळ्यावर घेऊन जायचे, भुईकोट किल्ल्याच्या कडेने. मी वर्कशॉपवर. निघताना आत्याने कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणी बांधून दिली. प्रवासासाठी याहून शहाणं खाणं मला माहीत नाही: उन्हाने बिघडत नाही आणि गरम करायला वीजही लागत नाही.

खरी चाचणी नान्नजच्या अलीकडे, आत्याच्या दिराच्या शेतावर. माळढोक अभयारण्याचा हा भाग, १९७९ पासूनचा. माळढोक दिसेल अशी आशा आता कुणी ठेवत नाही, पण संध्याकाळी गवतातून काळवीट गेले. ट्रेलर लावताना मिस्त्रींचं वाक्य आठवलं: गिरणीचं करवती छप्पर उत्तरेकडून उजेड घेतं, ऊन आत येऊ देत नाही. म्हणून आम्हीही ट्रेलर पूर्व-पश्चिम लावला. मोठ्या खिडक्या उत्तरेला, पश्चिमेच्या उन्हाला नुसती अरुंद बाजू आणि तिच्यावर लिंबाची सावली.

आता ती वीज. दोन्ही एसी पूर्ण जोरात असताना मिळून दोन हजार वॉटच्या आसपास घेतात. २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर, म्हणजे सोळाच्या प्लगला काहीच नाही. पण संध्याकाळी वस्तीवर दिवे लागले आणि व्होल्टेज १८५ वर आलं. इन्व्हर्टर एसीला तेवढेच वॉट लागतात, मग तो करंट वाढवून घेतो: पावणेअकरा. हेही चालतं. त्यात इंडक्शनची शेगडी लावली की वीसच्या वर जातं, म्हणून आमचा नियम ठरला आहे: एसी चालू असताना चहा गॅसवर.

वायर चार स्क्वेअर एमएमची, तीन कोअरची, तीस मीटर आणि पूर्ण उलगडून टाकलेली. गुंडाळीतच ठेवून लोड टाकला तर वायर आतल्या आत तापते, आणि लोक नेमकं तेच करतात. जोडायच्या आधी शेतावरच्या पॉइंटला अर्थिंग आहे का ते तपासलं. नव्हतं. आतोबांच्या पुतण्याने बोअरजवळ सळई ठोकून अर्थिंग करून दिलं, मग ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, मधे टाकून जोडलं. पत्र्याच्या खोलीत झोपायचं तर यात तडजोड नको.

बॅटरीवर का नाही, हे सगळे विचारतात. लहान एसी रात्रभर मंद चालला तरी चार-साडेचार युनिट खातो. दीडशे एएचची लेड-ॲसिड बॅटरी जपून वापरली तर एक युनिटही देत नाही, आणि वजन पन्नास किलोच्या पुढे. पाच बॅटऱ्या ओढत न्यायच्या तर एसीपेक्षा एक बैल बांधलेला परवडला.

पुतण्याचा प्रश्न मात्र बिनतोड होता: "दादा, इथं कूलर लावला असता तर?" खरंय. सोलापूरची एप्रिलची हवा इतकी कोरडी असते, की वाळ्याच्या पडद्याचा कूलर दोनशे वॉटमध्ये ट्रेलर माणसात आणतो. इथेच राहायचं असतं तर मी दुसरा एसी घेतलाच नसता. पण आम्ही कोकणातही जातो आणि तिथल्या दमट हवेत कूलर म्हणजे घरात ढग सोडणं.

त्या रात्री दहाला बाहेर ३४ होते. पुढे २५, मागे २६, आणि अकराच्या सुमारास पुढचा बंदच केला. एसीच्या नळीखाली ठेवलेल्या तांब्यात सकाळी तळ झाकण्याइतकंही पाणी नव्हतं. इथल्या हवेत पिळून काढण्यासारखं काही नाहीच. गुहागरला तीच नळी बादली भरते आणि आमची नळी आता ट्रेलरच्या मागच्या चाकावर गळते, ती पावसाळ्याआधी वळवून घ्यायची आहे.