कानशी, करवत आणि 23 किलो

महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या बर्थखाली करवत, पटाश्या, हातोडी, पक्कड असं सगळं एका गोणपाटाच्या पिशवीत कोंबून मी मिरज-मुंबई ये-जा करते. कुणी काही विचारत नाही. शेजारच्या काकू फार तर "सुतारकाम करता का हो?" म्हणतात आणि उत्तर ऐकायच्या आधी डबा उघडतात. विमानाच्या बाबतीत मात्र हीच पिशवी आठवडाभर आधीपासून जमिनीवर पसरून बसावं लागतं.

सुतारकाम माझं नाही. मी तानपुऱ्यांच्या जवाऱ्या काढते, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून आवाज उघडा करते. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत शिकले, ज्यांच्याकडे शिकले त्यांना सगळी गल्ली चाचा म्हणते. धाकटी बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, मुलांना गाणं शिकवते. तिच्याकडे आणि तिच्या मैत्रिणींकडे मिरजेहून गेलेले तानपुरे आहेत, आणि तिथल्या हिवाळ्यात घरं तापवून हवा इतकी कोरडी होते की भोपळ्याला चिरा पडतात, सांधे उकलतात. शिवाय वर्षानुवर्षं तार घासून घोडीवर खाच पडते आणि आवाज बसतो. "ताई, येताना सगळं घेऊनच ये," असा तिचा फोन आला तेव्हाच मला वजनकाटा दिसायला लागला.

तिकडे कानस मिळत नाही का? मिळते, आणि चांगली मिळते. पण जवारीचं काम केसाएवढ्या फरकाचं असतं. घोडीचा माथा सपाट दिसतो, प्रत्यक्षात त्याला अगदी हलका बाक असतो. तार त्या बाकावर लोळत सरकली, तारेखाली सरकवलेला दोरा नेमक्या जागी आला, की आवाज उघडतो. कानशीचे दोन हात मारायचे, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. नवी कानस एका हातात नको तेवढं खाऊन टाकते. चाचांनी दिलेली माझी कानस झिजून झिजून आता मला हवं तेवढंच खाते. हिला पर्याय नाही, आणि नेमकी हीच वस्तू आपल्याजवळ ठेवता येत नाही.

कारण हँडबॅगेत अवजारं चालत नाहीत. आपल्याकडे हातोडी, करवत, पक्कड, स्क्रूड्रायव्हर यांना केबिनमध्ये मज्जाव आहे. ब्रिटनमध्ये 6 सेंटिमीटरपेक्षा लांब पातं किंवा दांडा असलेलं अवजार नेता येत नाही, पक्कड आणि पाने तर आखूड असले तरी नाहीत. अमेरिकेत 7 इंचांपर्यंतची बरीच अवजारं चालतात असं लोक म्हणतात, आणि तिथला नियम खरंच तसा आहे. पण मुंबईहून निघणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य, कारण तपासणी इथे होते. म्हणजे लाखमोलाची कानस पट्ट्यावर ठेवायची आणि पोटात गोळा घेऊन तिला जाताना बघायचं. मी मग जुन्या कानशींची दोन बॅगांत वाटणी करते. एक हरवली तर दुसरीवर निभावतं. हे सोडून दुसरा शहाणपणाचा मार्ग मला तरी सापडलेला नाही. "कुरिअर कर" म्हणणाऱ्यांनी आपली कानस कुरिअर करावी.

बांधण्याची मात्र एक रीत आहे. एक्स-रेच्या पडद्यावर लाकूड, कापड, खाणं असं सगळं नारिंगी दिसतं, धातू निळा दिसतो, आणि फार जाड धातू असला की नुसता काळा डाग. सगळं लोखंड एका गठ्ठ्यात बांधलं की पडद्यावर काय आहे ते कळत नाही, आणि न कळलेली बॅग उघडली जाते. म्हणून मी जुन्या नऊवारीच्या तुकड्याला कप्पे शिवून त्यात एकेक अवजार सुटं ठेवते, आणि ती पट्टी बॅगेच्या तळाशी पसरते. पटाशीच्या धारेवर जाड पुठ्ठा, वर चिकटपट्टी. आपली बॅग कुणीतरी अनोळखी माणूस हात घालून तपासणार आहे, त्याचं बोट कापता कामा नये. अगदी वर एक कागद ठेवते. त्यावर तानपुऱ्याचा फोटो आणि खाली इंग्रजीत यादी, कुठलं अवजार कशासाठी. हा कागद मला कुठल्याही कुलपापेक्षा जास्त उपयोगी पडलाय.

काही गोष्टी मिरजेतच काढून ठेवल्या. चाचांच्या एका जुन्या चाकूची मूठ सांबरशिंगाची आहे. पूर्वी घोड्यासुद्धा शिंगाच्या, हस्तिदंताच्या असायच्या. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतरच्या काळात तो चाकू सीमेपलीकडे नेणं म्हणजे आपणहून संकट ओढवणं. घोडीसाठी उंटाच्या हाडाचे तुकडेही मी टाळले, कारण कुठल्या जनावराचं हाड ते काउंटरवर सिद्ध कोण करणार? शिसवीचे कोरे तुकडे सोडून आबनुसाचे घेतले, तेही पावतीसकट.

पॉलिशचं सोपं आहे. चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, कोरडा असतो, तो पुडीत जातो. तो विरघळवायचं स्पिरिट ज्वालाग्राही, ते कुठल्याच बॅगेत चालत नाही. ते लेस्टरला विकत घ्यायचं. तिथे ते जांभळ्या रंगाचं मिळतं, कुणी पिऊ नये म्हणून रंगवलेलं. पहिल्यांदा बघितल्यावर तानपुरा जांभळा होईल असं वाटतं, होत नाही.

तारगहनाला, म्हणजे तारा ओवायच्या पट्टीला, नवी भोकं पाडायला बहिणीने ड्रिल आण म्हणून सांगितलं होतं. ड्रिल खाली, बॅटरी वर. सुटी लिथियम बॅटरी सामानाच्या कक्षात चालत नाही. तिने पेट घेतला तर केबिनमध्ये कुणीतरी बघेल, विझवेल. खाली कोण जाणार? माझी 12 व्होल्ट, 2 अँपिअर-तासाची, म्हणजे 24 वॉट-तास. शंभरापर्यंत विचारावं लागत नाही, 100 ते 160च्या मधे असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. टोकांना चिकटपट्टी लावून ती हँडबॅगेत टाकली. खरं सांगायचं तर तेवढ्या भोकांना गिरमिट पुरलं असतं.

आणि शिकंजा. टेबलाला लावून वस्तू घट्ट पकडायचा, छोटा, पण ओतीव लोखंडाचा. "हत्यार धरायला शिकंजा नसंल तर हात कापून घेशील," म्हणून चाचांनी स्वतः पिशवीत घातला. बॅगेला मिळणाऱ्या 23 किलोंतले किती त्याने खाल्ले ते मी बहिणीला सांगितलंच नाही, कारण तेवढ्याच वजनाचे मेतकूट-भाजणीचे डबे घरी राहिले.

मुंबईत हँडबॅगेतल्या तारांच्या वेटोळ्यावर पहिला थांबा. पोलादी आणि पितळी, गुंडाळलेल्या. "मॅडम, ये क्या है?" मोबाईलवर तानपुऱ्याचा फोटो दाखवला. जवानाने साहेबांना बोलावलं, साहेबांनी तार वाकवून बघितली आणि परत दिली. अशा वेळी शेवटचा शब्द समोरच्या माणसाचा असतो, हुज्जत घालून उपयोग नसतो. पुढे गेटजवळ बसले तोच माझ्या नावाची घोषणा झाली. अपेक्षेप्रमाणे शिकंजा. पडद्यावर तळहाताएवढा काळा ठोकळा दिसला असणार. खाली नेऊन माझ्यासमोर बॅग उघडली, यादीचा कागद वाचला, शिकंज्याचा दांडा फिरवून बघितला. तिथल्या मुलीला करवतीचं काही वाटलं नाही, तिने विचारलं ते चपड्याच्या पुडीबद्दल. "खायचं आहे?"

हीथ्रोला बॅगा आल्या, दोन्ही. पण त्याआधी मला भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची. पर्यटक व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही, आणि माझ्या बॅगेत सगळं कामाचंच सामान. इमिग्रेशनच्या बाईंना बहिणीचं पत्र दाखवलं, तिचे तानपुरे बघणार आहे, पैसे नाहीत, जेवण आहे, असं सांगितलं. त्या हसल्या आणि शिक्का मारला. सेंट पँक्रसहून लेस्टरची गाडी सव्वा-दीड तासात पोहोचते, पण त्या गाडीत पटाशीची बॅग मी वरच्या फळीवर न टाकता पायाशी धरून बसले. ब्रिटनमध्ये घडीच्या, पातं लॉक न होणाऱ्या, 3 इंचांपर्यंतच्या चाकूव्यतिरिक्त धारदार पातं सार्वजनिक जागी जवळ बाळगायला सबळ कारण लागतं. काम हे कारण चालतं, पण ते सांगता आलं पाहिजे. तो यादीचा कागद इथेही खिशात होता.

काम मनासारखं झालं. एका तानपुऱ्याचा भोपळा पार चिरलेला होता, त्याला आतून पट्टी देऊन बसवावं लागलं, त्याबद्दल स्वतंत्र लिहीन. बाकीच्यांची जवारी कानशीने आणि दोऱ्याने मार्गी लागली. ड्रिल एकदाच चालू केलं.

परतताना बॅगा भरताना हिशेब सरळ होता. करवत, हातोडी, ड्रिल, शिकंजा, जांभळं स्पिरिट, सगळं बहिणीच्या बागेतल्या शेडमध्ये ठेवलं. ही अवजारं कुणाच्याही हातात सारखीच चालतात, त्यांना विमानाचं भाडं कशाला? मी कानशी तेवढ्या परत आणल्या, पुन्हा दोन बॅगांत वाटून. उरलेल्या वजनात भाच्याने चॉकलेटं भरली.

मुंबईत उतरून नागदेवी स्ट्रीटवरून चाचांसाठी नवा शिकंजा घेतला आणि रात्रीच्या महालक्ष्मीत बर्थखाली सरकवला. चाचांनी सकाळी तो टेबलाला लावला, दांडा दोनदा फिरवला, जबड्यातली फट डोळ्यापुढे धरून बघितली.

"जुना कुठंय?"

"लेस्टरला."

"मग हा तिकडं पाठवायचा होतास, आणि तो आणायचा होतास," म्हणाले, आणि जबड्याला कानस लावायला बसले.